केतकी मरणार, असं मी छापलं होतं

आमच्या घरात छापलेल्या शब्दाला मोठा मान होता, आणि त्याच घरात माझ्या आईला वाचता येत नव्हतं. या दोन गोष्टी एका छपराखाली कशा नांदत होत्या, याचं मला त्या वयात कधी नवल वाटलं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. दापोडीत रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे भिंतीला लावून रचलेले असत आणि त्यांवर सतरंजी टाकून आल्यागेल्याला बसवलं जाई. मी अक्षरं शिकले तीही त्या पत्रकांवरून. वर्गातल्या मुली कमळ आणि बदक वाचत होत्या तेव्हा मला 'कामगार बंधूंनो' एका दमात वाचता येत होतं, आणि नववीत आल्यावर तर मी स्वतःच मजकूर लिहायला लागले. अण्णा स्टेन्सिलच्या मेणकागदावर लोखंडी लेखणीनं लिहायचे त्याची खरखर, शेजारी आईच्या ब्लेडची चिरचिर आणि लोकल गेली की मांडणीवरच्या ताटल्यांची बारीक थरथर. डोळे मिटले की मला ते घर अजून असंच ऐकू येतं.

आईच्या ब्लेडचं सांगायला हवं. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून रबरी वॉशरची पोती आमच्या गल्लीत यायची. साच्यातून निघालेल्या वॉशरला कडेनं नको असलेलं पातळ रबर चिकटलेलं असतं. ते ब्लेडनं गोल कापून काढायचं काम गल्लीतल्या बायका घरी बसून करत. आईची बोटं त्यामुळे कायम काळी असायची, आणि घराला भाकरीच्या वासाबरोबर रबराचा वास असायचा. आई चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातली, हौसाबाई तिचं नाव. लग्न होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी तिनं आपली भाषा बदलली नव्हती. अण्णा घरातही पत्रकासारखं बोलत, 'सदर आमटीत मीठ कमी आहे' असं म्हणण्याइतपत त्यांची मजल गेली होती. आई त्यावर म्हणायची, "सदर बाईला सांगते हां." गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असायची. त्या दिवशी ती मासवड्या करायची. फडक्यावर बेसनाची पोळी थापायची, त्यात तीळखोबऱ्याचं सारण भरून गुंडाळी करायची आणि सुरीनं वड्या पाडायची. आमच्या मालकीचा सगळा आठवडा त्या वासात गोळा झालेला असे.

त्याच काळात 'अष्टद्वीप' आमच्या आयुष्यात आलं. ती एक अद्भुत कादंबरी होती, सुटी सुटी भागांत निघणारी. पिवळट कागद, कडक रंगाचं मुखपृष्ठ, आणि लेखकाच्या जागी एक टोपणनाव, ज्याच्यामागे कोण आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ बेटं, त्यांचं रिकामं सिंहासन, समुद्रातून उगवणारे डोंगर आणि उत्तरेच्या खिंडीपलीकडून येणारी सावल्यांची फौज. महिना-दोन महिन्यांनी एक भाग यायचा, आणि प्रत्येक भागात कुणी ना कुणी, ज्याच्यावर आपला जीव जडलेला असेल नेमकं तेच माणूस मरायचं. माझ्यासारख्या पत्रकांवर वाढलेल्या मुलीनं राजेरजवाड्यांच्या गोष्टी वाचाव्यात हे अण्णांना पटत नसे. मी त्यांना सांगितलं की यातला एकही राजा सुखानं मरत नाही. त्यांनी दोन भाग वाचले आणि म्हणाले, "मजकूर बरा आहे."

भाग मिळायचे ते युसूफचाचांच्या सायकलच्या दुकानात. मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांचं पंक्चर काढायचं दुकान होतं आणि मागच्या फळीवर भाड्यानं द्यायची पुस्तकं. 'अष्टद्वीप'च्या प्रत्येक भागाच्या तीन प्रती ते आणायचे. वाचणारे पन्नासेक असतील: फिटर, वेल्डर, वॉचमन, रेल्वेचा एक गँगमन, आम्ही शाळेतल्या चार मुली. या सगळ्यांसाठी चाचांनी एक कायदा केला होता. भाग परत करताना प्रत्येकानं एक भाकीत द्यायचं. पुढच्या भागात कोण मरेल, कोण वाचेल आणि का, हे चिठ्ठीवर लिहून रबर सोल्यूशनच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही. गुरुवारी सकाळी दुकानासमोरच्या फरशीवर सगळे जमले की चाचा एकेक चिठ्ठी वाचून दाखवायचे आणि तिच्यावर वाद व्हायचा. नाव का नको, असं मी एकदा विचारलं. चाचा ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होते. म्हणाले, "नाव असलं की लोक नावाला ऐकतात. नाव नसलं की चिठ्ठीला ऐकावं लागतं."

आज माझी नात मोबाइलवर कुठल्याशा मालिकेतला कोण मरणार यावर जगभरच्या अनोळखी मुलांशी तास तास भांडते. तिला वाटतं हे तिच्या पिढीनं शोधून काढलं. मी तिला चाचांच्या फरशीबद्दल सांगितलं तर म्हणाली, "आजी, तुम्ही स्पॉयलर कसे टाळायचात?" मी म्हटलं, कुणी पुढचं आधीच सांगू नये म्हणून कानात बोटं घालून. त्याबद्दल पुढे सांगतेच.

त्या फरशीवर प्रत्येकाची आपली रीत होती. किसनभाऊ नावाचा एक फिटर होता, तो मुखपृष्ठावरून ठरवायचा. "ज्याचं चित्र वर छापलंय तो त्या भागात मरत नाही, राव. मेल्यावर चित्र कशाला काढतील?" त्याची चार भाकितं खरी ठरली होती आणि त्या जोरावर तो फुकट चहा प्यायचा. चाचांचं म्हणणं वेगळं, जो माणूस पुढच्या वर्षीचा बेत बोलून दाखवतो तो गेला म्हणून समजा. माझी रीत मात्र तत्त्वाची होती. मी म्हणायचे, गोष्टीला न्याय लागतो. कुणाच्या मरणानं जनता उठेल ते बघा, ते पात्र मरणार. फरशीवर बसणारी मी एकटी मुलगी, पण माझं ऐकून घ्यायचे, कारण मी अण्णांची मुलगी होते आणि कारण माझा आवाज मोठा होता. या दोन्ही गोष्टी चाचांच्या कायद्याविरुद्ध होत्या, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

अकराव्या भागाच्या शेवटी केतकी उत्तरेच्या खिंडीत एकटी निघून गेली. केतकी ही मिठागरात राबणाऱ्या बाईची मुलगी, पुढे उत्तर दरवाजाची राखणदार झालेली. अख्ख्या दापोडीचा जीव होता तिच्यावर. सावल्यांची फौज येतेय, दरवाजा टिकणार नाही, म्हणून ती किल्ली कमरेला बांधून पलीकडे जाते आणि आतून दरवाजा लावून घ्यायला सांगते. तिथे भाग संपला. मी तो आईला वाचून दाखवला तेव्हा तिचं ब्लेड थांबलं होतं. मी नेहमीच तिला वाचून दाखवायचे, ती वॉशर कापत ऐकायची. माझं मत मात्र वाचता वाचताच ठरलं होतं. केतकी मरणार. तिचं प्रेत दरवाजाशी आलं की आठही बेटं पेटून उठणार. मी डब्यात तशी चिठ्ठी टाकली, आणि गुरुवारी चाचांनी ती वाचली तेव्हा नाव नसूनही माझी म्हणून सगळ्यांनी ओळखली आणि पाठीवर थापा पडल्या.

मग चाचांनी आणखी एक चिठ्ठी उघडली. तिच्यात लिहिलं होतं: केतकी मरणार नाही. जाताना ती विरजण घेऊन गेली आहे, गाडग्यात, ओल्या फडक्यात बांधून. मरायला जाणारी बाई विरजण नेत नाही. पलीकडे दूध असलं पाहिजे. दूध आहे म्हणजे जनावरं आहेत, आणि जनावरं आहेत म्हणजे ती राखणारी माणसं आहेत. फौज नाही. ती पावसाळ्याआधी परत येईल.

फरशी हसली. किसनभाऊ म्हणाला, "च्यायला, ताक पिऊन लढणार का काय." सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. ती चिठ्ठी माझ्या आईची होती. मला ते चार दिवसांनी कळलं, आणि त्या चार दिवसांत मी जे केलं ते लिहिण्यासाठी हे प्रकरण आहे.

त्या भाकिताचा मला रागच आला. एवढ्या मोठ्या बलिदानाच्या गोष्टीत कुणाला दही सुचावं हे मला जनतेच्या मागासलेपणाचं लक्षण वाटलं. माझ्या हाती अण्णांनी दिलेलं एक उरलेलं स्टेन्सिल होतं. घरी येऊन मी त्यावर पत्रक लिहिलं. मथळा होता 'गाडग्यातलं भाकीत'. मजकूर मला अजून पाठ आहे, जो विसरावा असं वाटतं तो विसरत नाही. 'युद्धाच्या उंबरठ्यावर उभं असतानाही ज्यांना ताकाची कढी आठवते, अशा वाचकांची कीव करावी तेवढी थोडी. केतकी ही हुतात्मा आहे, स्वयंपाकीण नव्हे. इतिहास चुलीजवळ बसून लिहिला जात नाही.' शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. युनियनच्या ऑफिसात जाऊन मी सायक्लोस्टाइल यंत्राचा रोलर फिरवला, पन्नास प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात, स्टेशनच्या जिन्यापाशी, पाण्याच्या नळावर वाटल्या. लोक वाचून हसत होते. शाई माझ्या बोटांना लागली होती आणि ती धुवायला मी तयार नव्हते.

आईनं वॉशरच्या ढिगाऱ्यातून मान वर करून विचारलं, "काय वाटत फिरत्येस गं सकाळधरनं?"

"पत्रक. मी लिहिलंय. केतकीवर."

"वाचून दाव की मला."

मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि सगळं वाचून दाखवलं, हातवारे करून, अण्णा कारखान्याच्या गेटवर बोलतात त्या सुरात. चुलीच्या वाक्याला थोडं थांबले, टाळीसाठी थांबतात तसं. चूल आईच्या पाठीमागेच होती. आईनं एक वॉशर पूर्ण कापला, दुसरा उचलला.

"चांगलं लिवलंस," ती म्हणाली. "बापावानी लिवलंस. समद्यांला वाटलंस व्हय?"

"सगळ्यांना."

"बरं."

एवढंच. मी आनंदानं उठून गेले.

चौथ्या दिवशी मी दुसरं एक पुस्तक परत द्यायला गेले तर चाचा नव्हते, शमीमचाची बसल्या होत्या. चाचांच्या पत्नी, इथल्याच मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांचं मराठी आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा स्वच्छ होतं. माझं पत्रक फळीवर उलटं ठेवलेलं होतं. चाचींनी पुस्तकाची नोंद केली आणि मग वहीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "मुक्ता, ती चिठ्ठी कुणाची होती, ठाऊक आहे तुला?"

"नाव लिहायचं नसतं ना."

"नसतंच. पण मी तुला सांगणार आहे. मला नंतर पाप लागलं तर लागू दे." त्यांनी वही मिटली. "हौसा गेलं वर्षभर दुपारी माझ्याकडे येते. वॉशरचं पोतं घेऊन येते, म्हणजे कुणी विचारू नये. आधी मी तिला बाराखडी शिकवली. मग तिला म्हटलं, आता पुस्तक घे. ती म्हणाली, मुक्ता वाचते तेच घेते. अकरावा भाग वाचायला तिला एकवीस दिवस लागले. तू घरी वाचून दाखवलास त्याच्याआधीच ती मध्यावर पोचली होती, पण तुला बोलली नाही. ती चिठ्ठी तिनं चार वेळा लिहून काढली. आयुष्यात लिहिलेली पहिली गोष्ट."

चाचींच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"शनिवारपासून येत नाही ती," चाची म्हणाल्या. "पाटी परत पाठवून दिली. म्हणे, डोळे दुखतात."

दुकानातून घर पाच मिनिटांवर होतं. मी रुळांच्या कडेनं लांबून गेले. मला सगळ्यात जास्त काय लागलं होतं, ते आज सांगता येतं. तिनं मला पत्रक वाचायला सांगितलं तेव्हा ते तिनं आधीच वाचलेलं होतं. नळावर कुणीतरी तिच्या हातात दिलं असणार, आणि तिनं एकेक अक्षर जोडून ते चुलीपर्यंत वाचलं असणार. तरीही तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. कदाचित मी वाचताना अडखळेन, असं वाटलं असेल तिला. मी अडखळले नव्हते.

घरी मी फळीवरून अकरावा भाग काढून बघावा म्हटलं तर तो परत केलेला. पण मला आठवलं. खिंडीच्या वर्णनाआधी एक ओळ होती, गाडग्याची. मी ती वाचली होती, मोठ्यानं वाचली होती, आणि पुढच्या तलवारीकडे धावले होते. एकवीस दिवस लागणाऱ्या माणसाला धावता येत नाही. तिला वाटेतलं सगळं दिसतं.

अण्णांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते आंघोळ करून टॉवेलनं केस पुसत होते. ते पुसायचे थांबले आणि पुढच्या खोलीतल्या गठ्ठ्यांकडे बघत राहिले. म्हणाले, "मी तिला कधी विचारलंच नाही." मग त्यांना आपली सवयीची वाट सापडली. युनियनचा एक नियम होता आणि तो त्यांनीच घालून दिला होता. पत्रकात चूक झाली तर खुलासा पत्रकातच करायचा, तेवढ्याच प्रती, त्याच गेटवर. "खुलासा काढ," ते म्हणाले. "मी स्टेन्सिल आणतो." आम्हा बापलेकींना दुसरं काही सुचलं नाही. दुखावलेल्या माणसाजवळ जाऊन बसावं, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही मजकूर करायला बसलो.

'जाहीर खुलासा' असा मथळा दिला. त्यात मी लिहिलं की सदर भाकीत माझ्या आईचं असून, अडाणी असूनही तिनं जिद्दीनं अक्षरओळख करून घेतली, तिचा उपहास केल्याबद्दल मी सर्व वाचकांसमोर तिची माफी मागते. मला तो मजकूर फार उदात्त वाटला. अण्णांनी एक स्वल्पविराम बदलला. छापण्याआधी मात्र त्यांना एवढं सुचलं की ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी दाखवावं. गुरुवारी सकाळी आई मासवडीचं बेसन घोटत होती. मी कागद पुढे केला. वाचून दाखवू का, असं विचारणार होते. तिनं हात पुसून कागद माझ्या हातातून घेतला.

मग तिनं आमच्यासमोर वाचलं. काळं बोट ओळीखाली सरकत होतं. "जा-हीर. जाहीर खु-ला-सा." कढईतलं बेसन खाली लागत होतं आणि अण्णांनी ते पळीनं हलवायला घेतलं, माझ्या माहितीत आयुष्यात पहिल्यांदा. आई मध्ये थांबली. "अ-डा-णी. अडाणी असूनही." तिनं वर बघितलं. "ह्यो शब्द कुनाचा? तुजा, का ह्येंचा?"

अण्णा कढईत बघत म्हणाले, "तिचा."

"माझा," मी म्हटलं.

"आन् हे समद्या गल्लीत वाटनार तुमी? हौसाला वाचाया येत नव्हतं, आता येतंय, आन् पोरीनं माफी मागितली. नळावर बाया मला काय काय इचारतील, त्येचा खुलासा कोन काडनार?"

अण्णा पळी जोरजोरानं हलवू लागले.

"अवो, ते हलवू नगा, गाठी व्हत्यात," ती अण्णांना म्हणाली आणि पळी काढून घेतली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तिला असं बोलताना पूर्वी ऐकलं नव्हतं. "मला माफी नगं, मुक्ते. तुज्या त्या कागदात तू मला हसलीस, मला ताकाची कढी म्हनलीस. ते आसू दे. पन मी इचारलं त्येचं उत्तर कुटं हाय? तिनं इरजण का न्येलं? किल्ली न्येली ती लढाईला. तलवार न्येली ती लढाईला. इरजण कशाला? सांग की."

मी उत्तर शोधलं. आज इतक्या वर्षांनीही शोधून बघितलं, तेव्हाच्या माझ्या तत्त्वांत ते नव्हतं.

"माझ्याकडे नाही उत्तर," मी म्हटलं.

"मग तसं म्हनायचं," आई म्हणाली. "हसायचं कशाला."

तिनं खुलाशाची घडी घातली आणि ती मांडणीवर डब्याखाली सारली. स्टेन्सिल वाया गेलं. बेसन फडक्यावर थापता थापता तिनं आपली अट सांगितली. "पुढचा भाग आला की आधी मी वाचनार. तू न्हाई. मला किती बी दीस लागू दे. तवर कुनी मला काय सांगायचं न्हाई आन् कुनी काय इचारायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोतं घेऊन चाचींकडे गेली. मी तिला जाताना पाहिलं आणि खिडकीतून बाजूला झाले.

माझ्यातली आग तेव्हा विझली असं कुणी समजू नये, ती आजही शाबूत आहे आणि चुकीच्या ठिकाणी अजूनही पडते. पण कुणाचं म्हणणं खोडायला बसले की मी आधी स्वतःला विचारते, याचं विरजण कुठे आहे, जे मी वाचून पुढे पळाले. बहुतेक वेळा ते सापडतं.

बारावा भाग दीड महिन्यानं आला. चाचांनी तीनपैकी पहिली प्रत काही न बोलता माझ्या हातात ठेवली, आणि मी ती न उघडता घरी नेऊन आईला दिली. ती प्रत रस्त्यानं आणताना मी मुखपृष्ठसुद्धा पाहिलं नाही, कारण किसनभाऊची रीत मला माहीत होती. आईनं पुस्तक घेतलं आणि दाराशी उजेडात बसली. पहिल्या दिवशी तिची सहा पानं झाली. बाकीच्या दोन प्रती फरशीवर फिरत होत्या, आणि अख्ख्या गल्लीला केतकीचं काय झालं ते ठाऊक होत होतं. मी शाळेला जाताना दुकानासमोरून कानात बोटं घालून जायचे. किसनभाऊ पाठीमागून ओरडायचा, "मुक्ताबाई, सांगू का? मेली का न्हाई ते सांगू का?" आणि मी पळत सुटायचे. अण्णांनाही कारखान्यात कुणीतरी सांगितलं असावं, कारण ते घरी आले की माझ्याकडे बघायचं टाळायचे. आईच्या चेहऱ्यावरून काही ताडावं म्हटलं तर तिचा चेहरा वॉशर कापताना असतो तसाच असायचा. सातव्या दिवशी वाचता वाचता तिनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, झालं, माझंच खरं ठरलं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. मी चूल पेटवायला गेले. तिचं एक भाकीत बरोबर यावं, एवढीच माझी त्या वयातली सगळी क्रांती त्या दिवसापुरती उरली होती.

तेराव्या दिवशी, दुपार कलताना, तिनं शेवटचं पान उलटलं. थोडा वेळ पुस्तक मांडीवर तसंच ठेवलं.

"मेली का?" माझ्या तोंडून निघालंच.

"न्हाई. पलीकडं मानसं हायेत. गुरं राखनारी. फौज न्हवती ती, इकडच्यांनीच हाकलून दिलेली मानसं व्हती." ती हे सांगताना जिंकल्यासारखी दिसत नव्हती. "पन मी बी चुकले. मी म्हनले परत यील. ती यायची न्हाई. तिथंच ऱ्हायली."

"मग रडलीस कशाला?"

"तिच्या आईसाटी. ती मिठागरात बसलीय वाट बगत. दोन हजार पानांत त्या बाईचं नाव न्हाई. लेकीनं सांगावा बी धाडला न्हाई." आईनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "तुमच्यापैकी कुनी कधी तिच्यावर चिठ्ठी टाकलीय?"

कुणीच टाकली नव्हती. एवढे दिवस आम्ही राजपुत्रांवर आणि सेनापतींवर भांडलो होतो.

"कागद दे," आई म्हणाली. "कोरा. आन् पेन्शिल. आन् तू भाईर जा. कुनी बगत असलं की मला लिवाया न्हाई येत."

मी तिला वहीचे दोन कागद फाडून दिले आणि बाहेर आले. तिनं आतून दार लोटून घेतलं. फर्स्ट शिफ्ट सुटून माणसं सायकलींवरून येत होती. अण्णा गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरले, डबा हँडलला अडकवलेला, आणि सरळ दाराकडे निघाले. मी आडवी झाले.

"आत जाऊ नका. आई लिहितेय."

"काय लिहितेय?"

"भाकीत. मिठागरातल्या बाईचं."

अण्णा दारापासून मागे सरले. मग त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर माझ्या शेजारी बसले. समोरची काकू पीठ मागायला वाटी घेऊन आली आणि तिनं रोजच्यासारखी हाक मारायला तोंड उघडलं. अण्णांनी हात वर केला.

"जरा हळू," ते म्हणाले. "आत लिहिणं चाललंय."

काकूनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि वाटी घेऊन परत गेली. आतून काहीच आवाज येत नव्हता. आम्हा दोघांनाही भूक लागली होती, आणि दोघांपैकी कुणीही दार वाजवलं नाही.